कासवांचा रोजा

आमच्या गावच्या दर्ग्याच्या तळ्यात किती कासवं आहेत हे सगळ्यात आधी मी सांगितलं. जरा ताठ मानेनेच लिहिते आहे, तर लिहू द्या. माझ्याआधी कुणीही विचारलं की गाव सांगायचं, ‘लय हायत’, आणि तेवढ्यावर कुणाचं काही अडत नव्हतं.

अडलं यंदाच्या उन्हाळ्यात. तळ्यातला गाळ काढायचं ठरलं. मिरजेपासून गाडीवर अर्ध्या तासात आमचं गाव येतं. तळ्याच्या एका अंगाला दगडी पायऱ्या आणि त्यावर दर्गा, समोरच्या अंगाला मातीचा बांध, बांधावर बाभळी, पलीकडे ऊस. मोटारी लावून पाणी उपसायचं, आत पोकलेन उतरवायचं आणि निघालेला काळा गाळ ट्रॅक्टरने शेतात टाकायचा, असा बेत होता. वनखात्याने त्यात एक अट घातली. आधी सगळी कासवं बाहेर काढून माळावरच्या दगडखाणीच्या पाण्यात सोडायची, मगच मशीन आत जाईल.

अट ऐकायला सोपी आहे. पण आमची कासवं पाणी आटायला लागलं की चिखलात स्वतःला पुरून घेतात आणि गप्प पडून राहतात. वरून बघणाऱ्याला नुसता चिखल दिसतो. मग सगळी निघाली असं कशावरून म्हणायचं? एकूण किती आहेत हे आधी माहीत असेल तरच. नाहीतर उरलेली मशीनच्या दातांखाली जाणार.

हे काम कराडच्या पल्लवी मॅडमकडे आलं. त्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवतात. माझं माहेर मलकापूर, शिक्षण एमएस्सी स्टॅटिस्टिक्स, आणि शिकत असताना मॅडमच्या पक्ष्यांच्या पाहणीची सगळी आकडेमोड मी केली होती. मग लग्न झालं, इकडे आले, अर्फा झाली, आणि माझी आकडेमोड तिच्या तापाच्या डिग्रीपुरती उरली. मॅडमचा फोन आला, “तहसीन, काम तुझ्याच दारात आहे. येतेस का?” तेव्हा मी अर्फाला कडेवर घेऊन घरातल्या घरात दोन फेऱ्या मारल्या आणि हो म्हणाले.

घरात नवरा अजीम आणि सासूबाई. अजीम सकाळीच कुपवाडला कारखान्यात जातात ते रात्रीच दिसतात. सासूबाई, म्हणजे अम्मी, दर्ग्याची झाडलोट आणि दिवाबत्ती बघतात. जरिना मुजावर हे नाव या पंचक्रोशीत सगळ्यांना माहीत आहे. घरात आम्ही आमच्या बोलीत बोलतो, बाहेर गावाच्या. इथे सगळं गावाच्याच बोलीत लिहिते.

लग्न होऊन आले तेव्हा मला तळं फार सुंदर वाटायचं. अर्फा चालायला लागल्यापासून मला तिथे फक्त निसरड्या पायऱ्या दिसतात. काम करताना माझा एक डोळा कायम पायऱ्यांवर असायचा. अम्मी तिला ओढणीने आपल्या कमरेला बांधून बसायच्या, तरी असायचा. मॅडम हसायच्या. पण पुढे जे घडलं ते त्या एका डोळ्यामुळेच घडलं, म्हणून सांगितलं.

पद्धत अशी होती. काही कासवं पकडायची, त्यांच्यावर खूण करायची आणि सोडून द्यायची. आठवड्याने पुन्हा पकडायची आणि त्यात खुणेची किती सापडतात ते बघायचं. खुणेसाठी मी लाल नेलपेंटची बाटली काढली तेव्हा अम्मी दारातच बसल्या होत्या.

“लग्नातली न्हवं ती?”

“हो.”

“ती लावली की वजू व्हत न्हाई म्हनून पडून हुती. आता कासवांस्नी लावतीस?”

“कासवांना कुठं नमाज आहे, अम्मी, की त्याआधी हातपाय धुवावेत.”

“तुला काय म्हाईत,” त्या म्हणाल्या आणि परातीतले शेंगदाणे निवडायला लागल्या. थोड्या वेळाने त्यांनीच विचारलं, “आनि रंग लावून आकडा कसा कळतुया?”

मी परातीतूनच दाखवलं. “समजा यातले मूठभर दाणे हळदीत घोळवून परत टाकले, चांगलं ढवळलं, आणि डोळे मिटून परत मूठ भरली. मुठीत निम्मे पिवळे निघाले तर?”

“तर परातीत बी निम्मं पिवळं.”

“आणि पिवळे किती केले ते आपल्याला माहीतच आहे. त्याच्या दुप्पट सगळे.”

अम्मींनी एक दाणा तोंडात टाकला. “म्हंजे समदं मोजायचंच न्हाई. आळशी मानसानं काडलंय हे.”

मॅडमनी कृष्णाकाठची, जाळी टाकणारी दोन माणसं आणली होती. पहिल्या दिवशी पायऱ्यांजवळ कणकेचे गोळे टाकून चोवीस कासवं सापडली. मी एकेकाची पाठ फडक्याने कोरडी केली आणि दोन ठिपके लावले, एक पुढे, एक मागे. एक ठिपका निघाला तर दुसरा राहील, दोन्ही एकदम जाणार नाहीत, ही माझी काळजी. सगळं झाल्यावर मी साबणाने तीनदा हात धुतले आणि मगच अर्फाला घेतलं.

आठवड्याने पुन्हा पायऱ्यांजवळच जाळं टाकलं. वीस सापडली, त्यातली सोळा लाल. म्हणजे पाचात चार लाल. लाल एकूण चोवीस, तर तळ्यात एकूण तीस. मॅडमनी सरपंच जयराजला तीस सांगितलं. जयराज तिशीतला मुलगा आहे, कामाचा आहे, बोलायला चढा. तो खूश झाला. तीस म्हणजे एका टेम्पोचं काम. पाणी उपसायची तारीख तीन आठवड्यांनंतरची ठरली, पोकलेन सांगितलं गेलं, आणि गाळ नेणाऱ्यांनी ट्रॅक्टरचे नंबर लावले.

मला मात्र तो आकडा पटत नव्हता. का ते सांगता येत नव्हतं.

गुरुवारी ते कळलं. गुरुवारी दर्ग्यात गर्दी असते. हिंदू, मुसलमान, सगळे येतात. चपाती कुस्करून गूळ-तूप घातलेला मलिदा चढवतात आणि जाताना पायऱ्यांवरून मूठभर कासवांना टाकतात. मी अर्फावर डोळा ठेवून बसले होते, त्यामुळे पायऱ्यांवर काय चाललंय ते मला दिसत होतं. शालूबाई खालच्या पायरीवर बसल्या होत्या. आमच्या शेजारच्या, उसाचं रान असलेल्या, पोरगा भरतीसाठी पळणारा. पुढे आलेल्या एका कासवाला त्यांनी हाताने बाजूला ढकललं.

“तू न्हवं रं. सरक.”

मग मागून लाल ठिपक्यांचं आलं. त्याला त्यांनी सगळा मलिदा दिला, वर पदराने हात पुसून नमस्कार केला. त्यांच्या मागे उभ्या असलेल्या दोन बायकांनीही तेच केलं. त्यांच्या मागच्यांनीही.

मी अर्फाला उचललं आणि खाली गेले. “शालूकाकू, त्या बिचाऱ्याला का ढकललंत?”

“आगं, त्ये साधं हाय. लाल टिक्क्याचं नवसाला पावतंय.”

“कुणी सांगितलं?”

“कुनी कशाला सांगाय पायजे? मागल्या बेस्तरवारी लाल टिक्क्याच्यानं माझ्या हातातनं मलिदा खाल्ला, आनि सांच्याला आमच्या शिवतेजचा फोन आला, मिल्ट्रीत निवड झाली म्हनून. आता बोल.”

ते ठिपके माझ्या लग्नातल्या नेलपेंटचे आहेत हे शालूकाकूंनी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं होतं. त्या दिवशी बादली धरायला त्याच होत्या. मी आठवण करून दिली तर म्हणाल्या, “तुज्या हातनं लागलं, पर कुनाला लागायचं ते तू ठरीवलंस व्हय?” आणि हे मला मान्य करावं लागलं. कोण जाळ्यात येणार ते मी ठरवलं नव्हतं. आमच्या विषयात तर तेच चांगलं मानतात.

तेवढ्यात मला तीसचा दोष कळला. अख्खं गाव लाल कासवांनाच खाऊ घालत होतं. लाल कासवं पायऱ्या सोडून हलत नव्हती आणि साधी ढकलली जाऊन लांब गेली होती. आम्ही जाळं टाकलं तेही पायऱ्यांजवळच. लाल जास्त सापडणारच. लाल जास्त, म्हणजे हिशोबात एकूण कमी. आणि एकूण कमी म्हटलं, की तीस काढून झाल्यावर मशीन आत.

मी मॅडमना फोन केला. त्या दुसऱ्या दिवशी आल्या आणि आम्ही बांधाकडे, बाभळींच्या सावलीत जाळं टाकलं. पंधरा कासवं आली, त्यात लाल पाच. तीनात एक. चोवीसची तिप्पट बहात्तर.

मी त्यांच्याकडे बघितलं. मला वाटलं, त्या शाबासकी देतील. त्या म्हणाल्या, “हाही नाही.”

“का, मॅडम?”

“लाल कासवं सगळी पायऱ्यांना चिकटलीत, हे तूच सांगितलंस ना? मग बांधाकडं ती कमी सापडणारच. तीस फार कमी होता, बहात्तर फार जास्त. दोन्हीच्या मधे काय ते देव जाणे.”

मला राग आला, मग हसू आलं. कारण त्यांचं बरोबर होतं, आणि मला ते आधी सुचायला हवं होतं. घरी येऊन मी अम्मींना सगळं सांगितलं. त्या पीठ मळत होत्या. हात थांबवून म्हणाल्या, “म्हंजे आमी ढवळू दिलं न्हाई.”

“तेच झालंय.”

“मग ढवळाय लागंल.”

“तळं कसं ढवळायचं, अम्मी? खाणं बंद केलं तरच ती आपापली पांगतील. दोन गुरुवार कुणी काहीच टाकायचं नाही. पण कोण ऐकणार? शालूकाकूंनी तर नवस बोललाय, पोरगा ट्रेनिंगवरून सुट्टीला येईपर्यंत दर गुरुवारी खाऊ घालणार म्हणून.”

अम्मींनी परातीवर फडकं टाकलं, अर्फाला काखेत घेतलं आणि शेजारी गेल्या. मी मागोमाग. शालूकाकू दारात धुणं वाळत घालत होत्या.

“शालू, दोन बेस्तरवार मलिदा कासवांस्नी टाकायचा न्हाई. पोरांस्नी वाटायचा.”

“आनि माजा नवस?”

“त्यास्नी रोजा हाय.”

“कुनाला?”

“कासवांस्नी.”

शालूकाकू हातातलं लुगडं पिळत थांबल्या. “रमजान तर झाला की गं कवाच.”

“तुमचा शिवतेज मिल्ट्रीत गेल्यावर काय सनावारी जेवतुया व्हय? हुकूम येईल तवा जेवतुया. ह्यांचं बी तसंच.”

“आनि सोडायचा कवा?”

अम्मींनी माझ्याकडे बोट केलं. “ही म्हनंल तवा.”

शालूकाकूंनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. मी जमेल तितका गंभीर चेहरा केला. “बरं हाय,” त्या म्हणाल्या. “पर रोजा सोडाय पयला मलिदा माजा. आधीच सांगून ठिवते.”

त्यानंतरचे दोन्ही गुरुवार मी पायऱ्यांवर होते. राखण करायची वेळच आली नाही. शालूकाकूच पहिल्या पायरीवर पाय पसरून बसल्या होत्या, आणि मिरजेहून आलेल्या एका बाईने मूठ उचलल्याबरोबर त्यांनी तिला थांबवलं, “आवं ताई, रोजा हाय त्यास्नी. पाप लावून घ्याल.” त्या बाईने गोंधळून सगळा मलिदा पोरांना वाटला. गावच्या पोरांनी कधी नव्हे इतका मलिदा खाल्ला.

पहिल्या गुरुवारी लाल कासवं पायऱ्यांशी येऊन माना वर काढत होती. दुसऱ्या गुरुवारी कमी आली. नंतर सगळं पाणी सारखं दिसायला लागलं, कधी बांधाकडे नाक वर, कधी मधे. मग आम्ही खाणं न टाकता, तळ्याच्या चारी बाजूंनी जाळी लावली. पंचवीस सापडली. लाल दहा. सगळ्यांची पाठ मी स्वतः बघितली, एकाचा मागचा ठिपका गेला होता, पुढचा होता.

पाचात दोन लाल. एकूण साठ.

मॅडमनी कागदावर पुढचं गणित केलं. “साठ हा मधला. इतक्या थोड्या पकडीत चूक इकडं-तिकडं वीसची धर. चाळीस ते ऐंशी.” मी जयराजला दोन्ही सांगितलं. त्याने कपाळावर हात मारला.

“वहिनी, आधी तीस, आता साठ. फुडच्या आटवड्यात शंभर सांगशीला.”

“पुढच्या आठवड्यात मोजून बघू, जयराजभाऊ. तळं तेव्हा कोरडंच असेल.”

मोठ्या आवाजात बोलून गेले खरी, पण घरी आल्यावर सगळं गणित पुन्हा मांडून बसले. पोकलेन तासाच्या भाड्यावर येणार होतं आणि दोनच दिवस काम करून पुढच्या गावाला जायचं होतं. माझ्या आकड्यापायी ते थांबलं आणि चिखलात काहीच निघालं नाही तर गाळ राहिला असता, वर जरिनाच्या सुनेने गावाचं नुकसान केलं हे अर्फाच्या लग्नापर्यंत ऐकावं लागलं असतं. आणि आकडा बरोबर असून मी गप्प बसले तर काय होईल, ते डोळ्यांसमोर येऊ नये म्हणून मी उठून अर्फाचं पांघरूण सारखं केलं. ते सारखंच होतं.

पाणी दोन दिवस उपसलं. पाणी उतरेल तशी कासवं दिसायला लागली आणि माणसं गुडघाभर पाण्यात जाऊन उचलायला लागली. ओल्या पोत्यांवर, टबांत, टेम्पोत. सगळं गाव काठावर. आकडा जयराज मोठ्याने म्हणत होता. तीस झाले तेव्हा त्याने माझ्याकडे बघितलं, एकतीस झाले तेव्हा नाही बघितलं. अडतीसला थांबलं.

मग बराच वेळ काही नाही. पाणी संपलं. उरला तो काळा, चकचकीत चिखल, एवढा गुळगुळीत की आत्ताच कुणी सारवून गेलंय असं वाटावं. पोकलेनचा ड्रायव्हर सिद्धू केबिनमध्ये बसून होता. ट्रॅक्टर ओळीने उभे होते.

“झालं,” जयराज म्हणाला. “मॅडम, चाळीसला दोनच कमी. तुमीच म्हनलाय चाळीस ते ऐंशी. दोन कासवांसाटी गाव थांबवायचं का?”

मॅडमनी हातातला कागद परत बघितला. खरं सांगायचं तर त्यांच्याच आकड्याने त्यांना अडवलं होतं.

“जयराजभाऊ, आत आहेत अजून,” मी म्हणाले.

“कुटं हायत? डोळ्यांनी बगा की, वहिनी. एक तरी दिसतंय का?”

“डोळ्यांनी दिसली असती तर एवढं मोजलं कशाला असतं?”

काठावरचे काही हसले, आणि ते माझ्याच बाजूने हसले असं मला वाटत नाही. सिद्धूने मशीन सुरू केलं. त्या आवाजाने अर्फा दचकून रडायला लागली, म्हणून मी तिला घेऊन टेम्पोकडे गेले, कासवं दाखवायला. ती कासव बघितलं की गप्प होते. एका टबात वाकून ती बोट दाखवत होती, “लाल. लाल.” आणि मीही तिच्याबरोबर बघायला लागले. या टबात पाच लाल. शेजारच्या टबात चार. मी टेम्पोवर चढले. सगळे टब बघितले. खात्री करायला परत बघितले.

मग मी अर्फाला पल्लवी मॅडमच्या हातात दिलं आणि पोकलेनच्या समोर जाऊन उभी राहिले. असं मी करेन हे मलाही माहीत नव्हतं.

“बंद करा,” मी सिद्धूला म्हणाले. त्याने बंद केलं. जयराज धावत आला.

“भाऊ, मी चोवीस कासवं रंगवली होती. सगळ्या गावासमोर. बरोबर?”

“बरोबर.”

“टेम्पोत लाल किती आहेत? जाऊन मोजा.”

तो गेला नाही. “तुमीच सांगा.”

“सोळा. बाकीची आठ कुठे आहेत?”

जयराजने टेम्पोकडे बघितलं. शालूकाकू काठावरून म्हणाल्या, “आठ लाल आत हायत?” त्यांचा आवाज बदलला होता. लाल म्हणजे त्यांच्या लेखी साधी कासवं नव्हती.

“आठ लाल,” मी म्हणाले. “आणि अडतीसात सोळा लाल निघाली, बावीस साधी. तेच प्रमाण धरलं तर आठ लाल आत आहेत म्हणजे त्यांच्याबरोबर अकरा साधीही आत आहेत. एकूण एकोणीस. अडतीस आणि एकोणीस किती होतात ते तुम्हीच करा.”

“सत्तावन्न,” मॅडम मागून म्हणाल्या. अर्फा त्यांच्या चष्म्याची काडी धरून बसली होती आणि त्यांना त्याचं भान नव्हतं. “तहसीन, सत्तावन्न. वेगळ्याच वाटेने आलं आणि साठच्या शेजारी येऊन बसलं.” त्या जयराजकडे वळल्या. “मशीन जाणार नाही. माझी सही लागते आणि ती मी देणार नाही.”

जयराजने घड्याळ बघितलं, ट्रॅक्टरची ओळ बघितली. “दुपारपातूर,” तो म्हणाला. “पर शोधनार कसं? फावडं मारलं तरी लागनारच की त्यास्नी.”

अम्मी तोपर्यंत पायऱ्या उतरून खाली आल्या होत्या. त्यांनी चपला काढून पायरीवर ठेवल्या, सलवार गुडघ्यापर्यंत खोचली आणि चिखलात पाय टाकला. शालूकाकूंनी कासोटा घातला. मग एकेक करून वीसेक बायका उतरल्या. पुरुष काठावर उभे राहिले, कारण अम्मींनी त्यांना सांगितलं, “तुमी न्हाई. तुमी पाय आपटत चालता.”

आम्ही एका ओळीत उभ्या राहिलो, खांद्याला खांदा लावून, आणि पायऱ्यांपासून बांधाकडे निघालो. पाय उचलायचा नाही, सरकवायचा. मांडीपर्यंत चिखल, वर ऊन, आणि वास असा की दोन दिवस जेवण गोड लागलं नाही. मी मधून मधून वळून अर्फाकडे बघत होते. मॅडमनी तिला बिस्किट दिलं होतं. बिस्किट कुठलं, पुडा उघडा किती दिवसांचा, हेही माझ्या डोक्यात चालू होतं.

तळ्याच्या मध्यापर्यंत काहीच नाही. मग रंगूबाई म्हणून एक म्हाताऱ्या बाई आहेत, त्या थांबल्या. “ताट हाय गं कुनाचं तरी हितं,” त्या म्हणाल्या. “पालथं.”

मी हात घातला. कोपरापर्यंत, मग खांद्यापर्यंत. हाताला गोल, गार कड लागली, आणि ती कड माझ्या हाताखाली जराशी हलली. मी ओढून वर काढलं. चिखल पुसला. साधं होतं, ठिपका नाही. तरी ओळीतल्या सगळ्या बायका घरात मुलगा जन्मल्यासारख्या बघत होत्या. शेजारीच दुसरं निघालं, त्याच्या पाठीवर माझे दोन लाल ठिपके. शालूकाकूंनी ते माझ्या हातातून घेतलं आणि पदराने पुसत काठावर नेलं, टेम्पोपर्यंत, स्वतः. दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही.

त्यानंतर बांधाच्या अंगाला ती लागतच गेली. बाभळींच्या मुळांशी चार एका जागी. तळहाताएवढी दोन पिल्लं, जी पायऱ्यांवर कुणाला कधी दिसलीच नव्हती. आता आकडा जयराज म्हणत नव्हता, काठावरचे सगळेच म्हणत होते. बेचाळीस. त्रेचाळीस. पन्नासला कुणीतरी शिट्टी मारली. ऊन कलायला लागलं तेव्हा पंचावन्न झाली होती. लाल तेवीस.

“एक लाल ऱ्हायलं,” जयराज स्वतःच म्हणाला. सकाळचा त्याचा आवाज कुठे गेला होता कोण जाणे. “वहिनी, बाया दमल्यात. आता काय करूया?”

बायका खरंच दमल्या होत्या. अम्मींच्या पायाला शिंपला लागून रक्त आलं होतं आणि त्या ते चिखलात लपवत होत्या. मी सगळ्यांना वर यायला सांगितलं. मग सिद्धूकडे गेले. “दादा, वरचा थर हळूच घ्यायचा. बकेट काठावर उलटी करायची आणि मी बघेपर्यंत दुसरी भरायची नाही. जमेल?”

“जमतंय की, अक्का,” तो म्हणाला.

मशीनच्या एवढ्या मोठ्या हाताने इतकं सावकाश काम मी कधी बघितलं नव्हतं. बकेट यायची, काठावर चिखल ओतायची आणि थांबायची. अर्फा पायऱ्यांवर अम्मींजवळ होती, मी आणि मॅडम हातांनी तो पसरून बघायचो, मी मान हलवायचे, मग सिद्धू परत खाली जायचा. छप्पन्नावं तसंच निघालं, साधं. सत्तावन्नावंही. आणि मग एका ढिगातून पुढचा ठिपका शाबूत आणि मागचा पुसलेला असं एक बाहेर आलं आणि माझ्याकडे पाठ करून चालायला लागलं. ओळखीचंच होतं. चोविसावं लाल.

“अठ्ठावन्न,” जयराज म्हणाला. “लाल सपली. झालं न्हवं आता?”

अम्मी पायऱ्यांवर पाय धूत बसल्या होत्या. त्या काठावरच्या कुणाला तरी सांगत होत्या, “साठ म्हनली हुती माजी सून. न बगता.” अठ्ठावन्न त्यांनी ऐकलंच नाही. आजही त्या साठच सांगतात आणि मी दुरुस्त करत नाही.

“लाल संपली, भाऊ,” मी म्हणाले. “साधी संपली असं कुणी सांगितलं?”

मला वाटलं, आता तो चिडेल. त्याने ट्रॅक्टरवाल्यांकडे वळून हात केला, थांबा म्हणून. मॅडमनी बाह्या पुन्हा वर केल्या. सिद्धूने पुढची बकेट भरली, काठावर आणली, हळू उलटी केली आणि केबिनमधून मान बाहेर काढून माझ्याकडे बघत थांबला. दिवस मावळेपर्यंत एकही बकेट माझ्या होकाराशिवाय खाली गेली नाही.